काय आहे, काय होईल, काय करावे
(प्रस्तावना)

शालेय पाठ्यपुस्तकांच्या आतल्या पानावर नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती संविधानात आली. त्या यादीत दोन कर्तव्ये एकमेकांच्या शेजारी आहेत. वने, सरोवरे, नद्या आणि वन्य जीव यांचे रक्षण करावे, प्राणिमात्रांविषयी दया बाळगावी, असे एक सांगते. विज्ञाननिष्ठ दृष्टी, मानवतावाद आणि शोधक वृत्ती वाढवावी, असे त्याच्या लगेच पुढचे सांगते. संविधानात ही दोन वाक्ये शेजारी नांदतात. शाळेच्या वेळापत्रकात मात्र त्यांची फारकत झाली आहे. विज्ञानाच्या तासाला बेडकाची पचनसंस्था शिकवली जाते आणि मूल्यशिक्षणात भूतदया. एकाची आकृती काढून नावे द्यायची, दुसऱ्यावर दहा ओळींचा निबंध लिहायचा. ज्या क्षणी या दोन गोष्टी एकमेकींना भिडतात, तो क्षण विद्यार्थ्याच्या वाट्याला वर्गात क्वचितच येतो. वर्गाबाहेर तो रोज येतो.

हे पुस्तक त्या भिडण्याविषयी आहे. विज्ञान, निसर्ग आणि त्यांच्याभोवतीचे नैतिक वाद विद्यार्थी कसे शिकतात आणि त्यांना ते कसे शिकता येतील, याचा विचार माध्यमिक आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकांसमोर ठेवावा, या हेतूने यातले पाठ रचले आहेत. पाठांकडे वळण्यापूर्वी त्यांच्यामागची भूमिका सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण भूमिका पटली नाही तर पाठांचा उपयोग होणार नाही.

भूमिका थोडक्यात अशी. निसर्गाविषयीच्या प्रत्येक वादात तीन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंतलेले असतात: काय आहे, काय होईल आणि काय करावे. पहिल्याचे उत्तर निरीक्षणाने मिळते. दुसऱ्याचे उत्तर प्रयोग, नोंदी आणि अनुमान यांतून मिळते आणि त्यात अनिश्चितता राहते. तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोहोंशिवाय देता येत नाही, पण केवळ त्या दोहोंतून ते निघतही नाही. तिथे आपल्याला काय मोलाचे वाटते आणि किंमत कोणी मोजायची, हे ठरवावे लागते. हे तीन प्रश्न वेगळे ओळखता येणे आणि मग पुन्हा एकत्र जोडता येणे, हेच मला या शिक्षणाचे मर्म वाटते.

वेळासचे उदाहरण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या या किनारी गावात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. एकेकाळी ती अंडी उकरून खाल्ली आणि विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणाच्या सुरक्षित जागेत हलवायला सुरुवात केली. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला आता लोक लांबून येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. विद्यार्थ्याने इथे काय शिकावे? कासवाच्या पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते, ऊबदार वाळूत माद्या जास्त आणि थंड वाळूत नर जास्त, हे झाले ‘काय आहे’. अंडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली, सावली बदलली, उन्हाळे तापत गेले, तर नर-मादीचे प्रमाण कुठे झुकेल, हे झाले ‘काय होईल’. आणि मग तिसरा प्रश्न उभा राहतो: कोल्ह्याकुत्र्यांपासून आणि माणसापासून अंडी वाचवायला आपण हात घातला, तर त्या हाताची जबाबदारी कुठपर्यंत? ज्या घराला अंड्यांतून चार पैसे मिळत होते, त्याला पर्यटनातून काही मिळते का? पहिले दोन प्रश्न गाळून तिसऱ्यावर बोलणारा विद्यार्थी भाषण करतो. पहिल्या दोहोंवर थांबणारा विद्यार्थी गुण मिळवतो. तिन्ही प्रश्न हाताळणारा विद्यार्थी नागरिक होऊ लागतो.

पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत यावा, यासाठी न्यायालयाला पुढाकार घ्यावा लागला, हे विसरता कामा नये. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व पातळ्यांवर पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचे आदेश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून २००३ साली न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरणाचा अभ्यासक्रम लागू केला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या एरच भरुचा यांनी लिहिले. विषय आला, पुस्तक आले, तासही ठरले. पण पुष्कळ ठिकाणी त्याचे रूप प्रकल्पवहीपुरते उरले: चित्रे चिकटवा, प्रदूषणाची कारणे आणि उपाय लिहा, शिक्षकांची सही घ्या. वहीत गावच्या ओढ्याचे नाव नसते. ओढ्यात कोणाचे सांडपाणी येते, हे तर नसतेच. विषय सक्तीचा करता येतो, जिज्ञासा सक्तीची करता येत नाही.

जिज्ञासेला जागा दिली तर काय घडते, याचा मोठा अनुभव आपल्या शेजारच्या राज्यात साठलेला आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ साली किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीसाठी एक विज्ञान कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही त्याच्याशी जोडले गेले होते. पुढे एकलव्य संस्थेने तो सांभाळला आणि तो शेकडो सरकारी शाळांत पोहोचला. मुले शेतात जाऊन पिकांवरचे किडे पाहत, स्वतः प्रयोग करत, निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहीत आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसत. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी विज्ञान घरोघरी नेणारे अरविंद गुप्ता यांची वाटही होशंगाबादहूनच फुटली. २००२ साली सरकारने हा कार्यक्रम बंद केला. कार्यक्रम थांबला तरी त्याने दाखवून दिलेली गोष्ट खोटी ठरत नाही: साध्या सरकारी शाळेतले, साधनांची टंचाई असलेले मूल पुराव्यावर विचार करू शकते. जे मूल स्वतः पाहून निष्कर्ष काढते, ते दुसऱ्याच्या निष्कर्षालाही ‘हे कशावरून?’ असे विचारते. नैतिक वादात उतरण्याची पहिली तयारी हीच आहे.

आता बेडकाकडे वळू. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे क्लोरोफॉर्मचा वास, मेणाचा ट्रे आणि टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक. बेडूक पावसाळ्यात शेतांतून पकडून आणले जात. त्याच काळात भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी निर्यात होत होत्या. शेतातली कीड खाणारा हा प्राणी झपाट्याने कमी होतो आहे, हे ध्यानात आल्यावर १९८७ साली त्या निर्यातीवर बंदी आली. महाविद्यालयांतले विच्छेदन मात्र पुढेही चालू राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली ते टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून ते काढून टाकायला सांगितले.

या बदलाच्या बाजूने आणि विरुद्ध जे बोलले गेले, ते दोन्ही ऐकण्यासारखे आहे. धडधडणारे हृदय डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शरीराची रचना कळत नाही, चित्रातल्या लाल-निळ्या नळ्या आणि खऱ्या नाजूक वाहिन्या यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, असे अनुभवी प्राध्यापक सांगत. प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांपैकी बहुतेकजण शल्यविशारद होत नाहीत, संगणकावरच्या प्रतिकृतींनी रचना पुरेशी कळते आणि एकच रचना दरवर्षी नव्याने पाहण्यासाठी इतके जीव घेणे समर्थनीय नाही, असे दुसरी बाजू म्हणे. वैद्यकीय महाविद्यालयात माणसाच्या देहाचे विच्छेदन होते, पण महाराष्ट्रात देहदानाची चळवळ रुजली आहे आणि असा दान केलेला देह सहसा त्या माणसाने जिवंतपणी दिलेल्या संमतीने येतो. बेडकाची संमती घेता येत नाही. मग संमती देऊ न शकणाऱ्या जिवाच्या बाबतीत आपली जबाबदारी वाढते की कमी होते? औषधांच्या चाचण्यांसाठी उंदीर वापरणे आणि बारावीच्या गुणांसाठी बेडूक वापरणे, यांत फरक करायचा का, आणि कशाच्या आधारावर?

हे प्रश्न इतके सकस असताना ते विचारले गेले ते समित्यांच्या बैठकांत. आधीच्या पिढीने बेडूक कापला, कारण तसे सांगितले होते. नंतरच्या पिढीने कापला नाही, कारण तसे सांगितले होते. बेडूक वाचले ही चांगलीच गोष्ट झाली. पण विचार करण्याची संधी दोन्ही पिढ्यांच्या हातून गेली. निर्णय योग्य असणे आणि विद्यार्थ्याला तो का योग्य आहे हे कळणे, यांतले अंतर शिक्षणानेच भरून काढायचे असते.

दुसरे उदाहरण कापसाच्या शेतातले आहे आणि ते विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना मुद्दाम समजावून सांगावे लागत नाही. बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातले की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. बोंडअळीने पान किंवा बोंड खाल्ले की ते प्रथिन तिच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होते आणि अळी मरते. पण अळ्यांच्या लाखोंच्या संख्येत एखादी अशी असते, जिच्यावर त्या प्रथिनाचा परिणाम होत नाही. सगळीकडे बीटीच पेरले तर तीच तगते, तिच्यासारख्यांचीच वीण होते आणि काही वर्षांत झाडाचे कवच निकामी होते. म्हणून बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या, बीटी नसलेल्या बियाण्याचे वेगळे पाकीट मिळे. ते बांधाच्या कडेने लावायचे, म्हणजे तिथे साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग तग धरलेल्या मोजक्या पतंगांशी जुळतील आणि प्रतिकाराची वाढ मंदावेल. पुष्कळ शेतकऱ्यांनी ते पाकीट पेरले नाही. ज्या ओळींत अळी मुद्दाम वाढू द्यायची, त्या ओळी दोन-चार एकरांच्या धन्याने का लावाव्यात? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापसाचे प्रचंड नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

उत्क्रांतीचा सिद्धांत शिकवायला गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांइतकेच हे बोंड उपयोगी आहे. नैसर्गिक निवड इथे एका माणसाच्या आयुष्यात, त्याच्याच शेतात घडली. आणि नीतीचा प्रश्नही याच बोंडात आहे. साध्या बियाण्याच्या ओळी लावल्या तर तोटा एकट्याला होतो, फायदा सगळ्या शिवाराला. न लावल्या तर फायदा एकट्याला, तोटा सगळ्यांना, तोही काही वर्षांनी. अशा वेळी शेतकऱ्याला दोष द्यायचा, बियाणे विकणाऱ्याला, की ज्या यंत्रणेने हे शास्त्र बांधावर नीट समजावले नाही तिला? विद्यार्थ्यांच्या उत्तरांत फरक पडेल आणि पडावाच. मात्र प्रतिकार कसा वाढतो, हे ज्याला माहीत नाही, त्याला या वादात मत असू शकते, पण त्या मताला बूड नसते.

बीटी वांग्याची गोष्ट याच पाठाला जोडून येते. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या या वांग्याला २००९ साली तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये लागवडीला स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ साली परवानगी दिली आणि शेतकऱ्यांनी ते पेरले. वांगे तेच आणि जनुक तेच, तरी निर्णय दोन. यावरून ‘शास्त्रज्ञांत एकमत नाही, म्हणजे काहीच खरे नाही’ असा निष्कर्ष विद्यार्थी काढू शकतात. शिक्षकाने तिथे थांबवून विचारावे: मतभेद नेमका कोणत्या प्रश्नावर होता? वांग्यातल्या प्रथिनावर किती, चाचण्या कोणी केल्या यावर किती, आणि बियाण्यावर मालकी कोणाची असावी यावर किती? वाद चिरून त्याचे भाग पाडायची सवय लागली की त्याचा गोंगाट कमी होतो.

तिसरे उदाहरण बिबट्याचे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात धरणे झाली, कालवे आले, ऊस पसरला. बारा महिने उभा राहणारा, दाट, पाण्याजवळचा ऊस बिबट्याच्या मादीला पिल्ले वाढवायला सोयीचा ठरला. वाड्यावस्त्यांवरची कुत्री आणि शेळ्या हे भक्ष्य झाले. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम झाली आणि माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी कितीतरी पट वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने हे दाखवून दिले. अकोले तालुक्यात त्यांनी केलेल्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: शेतात दिसणारा बिबट्या वाट चुकून आलेला नसतो, तो तिथेच राहणारा असतो. पकडलेले जनावर अनोळखी मुलखात सोडले की ते बिथरते, परतीची वाट धरते आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरे जनावर घेते.

‘बिबट्या पकडून जंगलात सोडा’ ही मागणी दयेचीही वाटते आणि शहाणपणाचीही. पुराव्याने ती तपासली तेव्हा ती कोणाच्याच हिताची निघाली नाही. हेतू चांगला असून भागत नाही, हे मुलांना यापेक्षा स्पष्ट कोण शिकवील? पण इथे थांबून चालणार नाही. अलीकडच्या वर्षांत या भागात लहान मुलांचे बळी गेले आहेत, लोक रस्त्यावर उतरले आहेत. मुंबईच्या वर्गात ‘बिबट्या वाचवा’ असे भित्तिपत्रक रंगवणारी मुलगी आणि जुन्नरच्या वर्गात अंधार पडायच्या आत घरी पोहोचायची घाई असणारी मुलगी, या दोघींच्या दयेची किंमत सारखी नाही. आणि जुन्नरमध्येही ती सर्वांना सारखी नाही. सर्वांत जास्त धोका ऊसतोड मजुरांच्या मुलांना असतो, कारण ती शेताच्या कडेला उघड्या कोपीत झोपतात. शेतीपंपांना वीज रात्री मिळते, म्हणून शेतकऱ्याला रात्री दारे धरायला जावे लागते. दिवसा वीज द्या, ही या भागातली मागणी त्यामुळे बिबट्याशी जोडलेली आहे. प्राणिशास्त्राचा प्रश्न बघता बघता वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा आणि मजुरांच्या निवाऱ्याचा प्रश्न होतो. निसर्गाविषयीचे खरे वाद असेच असतात. ते एका विषयाच्या तासात मावत नाहीत आणि ‘माणूस की प्राणी’ या दोन शब्दांतही मावत नाहीत.

मात्र प्रत्येक गोष्ट वादाची नसते, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. चर्चेची पद्धत स्वीकारली की ‘दोन्ही बाजूंना सारखा वेळ’ हा नियम सरसकट लावण्याचा मोह होतो. जीवसृष्टी उत्क्रांत झाली का, हा वर्गात मतदानाला टाकायचा प्रश्न नाही. दहावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा २०२३ साली देशभरातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि नागरिकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. त्यांचे म्हणणे रास्त होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिकायलाच मिळाले नाही, तर जनुके, औषधे, कीड, साथी यांच्याविषयीच्या तिसऱ्या प्रश्नावर विद्यार्थी कशाच्या जोरावर बोलणार?

एखादा दावा तपासायचा कसा, याचा उत्तम नमुना पुण्यातच घडला. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून त्यांतल्या चाळीस कुंडल्या प्रत्येक ज्योतिषाला दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली, ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही साधारण पन्नास टक्के मिळतात. या चाचणीत कोणाची टिंगल नव्हती. दावा करणाऱ्यांना आपले म्हणणे सिद्ध करण्याची पूर्ण संधी होती आणि नियम आधीच ठरलेले होते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अभ्यासावा तो त्याच्या रचनेसाठी: कुंडल्या सांकेतिक क्रमांकांनी का द्यायच्या, एकच कुंडली देऊन का भागत नाही, मुलांची ओळख गुप्त ठेवणे का आवश्यक होते. शेवटचा मुद्दा नीतीचा आहे. तपासणीच्या शिस्तीतही माणसाचा मान राखावा लागतो.

माहिती गोळा करण्याची नीती हा विषय आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे. जैविक विविधता कायदा २००२ साली झाला आणि गावोगाव लोकांची जैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद आली. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना आधीपासून रुजवली होती आणि तिच्यात शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी उतरावे, असा त्यांचा आग्रह होता. गावातल्या भाताच्या जुन्या जाती, ओढ्यातले मासे, देवराईतली झाडे यांची नोंद मुलांनी करणे, यासारखा जिवंत प्रकल्प नाही. पण एखाद्या वैदूने किंवा आदिवासी आजीने औषधी मुळी दाखवली, तर ती वहीत उतरवण्यापूर्वी त्यांना विचारले का? ती वही उद्या कोणाच्या हाती जाईल? त्या माहितीतून कोणी पैसा केला तर त्यात वाटा कोणाचा? कायद्यात लाभाच्या न्याय्य वाटपाचा विचार आहे. मुलाच्या मनात तो विचार प्रश्नावली हातात घेतानाच आला पाहिजे.

गाडगीळांचेच नाव जोडलेला पश्चिम घाटाचा अहवाल हा या पुस्तकातला सर्वांत मोठा पाठ आहे. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ साली अहवाल सादर केला. तो लोकांसाठी खुला व्हायला २०१२ साल उजाडले. घाटाचे कमी-अधिक संवेदनशील असे तीन विभाग, प्रत्येकात कशाला मुभा आणि कशाला मनाई, आणि अंतिम विचारविनिमय ग्रामसभांच्या पातळीवर, अशी त्याची मांडणी होती. २०१३ साली कस्तुरीरंगन समितीने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवणारा दुसरा अहवाल दिला. कोकणात खाणी, आंबा-काजूच्या बागा, मासेमारी, नोकऱ्या या सगळ्यांवर त्याचे सावट होते आणि लोकांनी अहवाल वाचण्याआधीच त्याच्याविषयीच्या अफवा ऐकल्या. पुढे ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी या वस्त्या दरडीखाली गेल्या. या दुर्घटनांकडे बोट दाखवून ‘बघा, अहवाल खरा ठरला’ असे म्हणणे सोपे आहे, पण तो अभ्यास नव्हे. मुसळधार पाऊस, तीव्र उतार, मातीचा थर, डोंगरावर झालेले काम, यांतले कोणत्या ठिकाणी काय आणि किती, हे एकेका दरडीसाठी वेगळे तपासावे लागते. दुःख मोठे असते तेव्हा घाईने कारण ठरवण्याची ओढही मोठी असते. त्या वेळी संयम राखणे, हा मृतांविषयीच्या आदराचाच भाग आहे.

या सगळ्यात शिक्षकाचे काम काय? पुष्कळ शिक्षक विचारतात: आपले मत सांगावे की लपवावे? लपवू नये, पण लांबणीवर टाकावे. मुलांनी निरीक्षण केले, पुरावे तपासले, एकमेकांचे ऐकले, त्यानंतर शिक्षकाने आपले मत कारणांसह सांगावे आणि त्यालाही हरकत घेऊ द्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी आपल्याला न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडायला लावावी. ‘कोणता पुरावा समोर आला तर तुझे मत बदलेल?’ हे चर्चेआधीच लिहून घ्यावे. ज्याच्या आयुष्यावर निर्णयाचा परिणाम होणार आहे, पण जो वर्गात नाही, त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे: ऊसतोड मजूर, पुढची पिढी, बोलता न येणारा प्राणी. आणि वर्गातच असलेल्या मुलाला, ज्याचे वडील खाणीवर कामाला आहेत किंवा ज्याची शेळी काल गेली आहे, त्याला कोणत्याही बाजूचा नमुना म्हणून उभे करू नये. त्याने बोलावे असे वाटले तर बोलावे. गप्प राहण्याचाही त्याला हक्क आहे.

गुण कसे द्यायचे, ही अडचण खरी आहे. मतासाठी गुण देता येत नाहीत आणि देऊही नयेत. पण विधान आणि अनुमान वेगळे ओळखले का, दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतला का, निर्णयाची किंमत कोणाला पडते ते सांगितले का, याला गुण देता येतात. प्रत्येक पाठाच्या शेवटी याच कसोट्यांवरचे प्रश्न दिले आहेत. त्यांची तयार उत्तरे मुद्दाम दिलेली नाहीत.

शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. या पुस्तकातले सगळे पाठ एका वर्षात घेऊ नका. शाळेपासून चालत जाता येईल अशा अंतरावरचा एक प्रश्न निवडा. तो ओढ्याचा असेल, डोंगर पोखरण्याचा असेल, भटक्या कुत्र्यांचा असेल किंवा शाळेच्याच आवारातल्या तोडायच्या झाडाचा असेल. मुलांना तिथे वारंवार न्या, मोजमाप करू द्या, माणसांशी बोलू द्या आणि वर्षाच्या अखेरीस त्यांचे म्हणणे ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत त्यांनाच मांडू द्या. त्यांचे म्हणणे मान्य होईलच असे नाही. तरी ‘आम्ही हे पाहिले, यावरून आम्हाला असे वाटते, आणि अमुक गोष्ट अजून आम्हाला माहीत नाही’ असे चारचौघांत उभे राहून सांगणारे मूल संविधानातली ती दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडत असते. आपल्या गावांना आणि शहरांना अशा आवाजांची आज तातडीने गरज आहे आणि ते घडवण्याची जागा शाळा हीच आहे.